खरवडू नका म्हटलं ना!

आमच्या ह्यांना साफसफाईची भारी खोड. कानाजवळचा कल्ला असो की मानेवरची रेघ, केसभर इकडेतिकडे झालेलं खपत नाही. सलून चालवणाऱ्याला ती खोड शोभते. पण ती त्यांनी स्वतःच्या हातावर चालवली आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

उजव्या मनगटावर सोरायसिसचा लाल चट्टा उठला, वर पांढुरक्या खपल्या. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून हे रोज दुकान उघडण्याआधी वस्तऱ्याने खपल्या काढायचे आणि वर हातमोजे चढवायचे. काही दिवसांनी शेजारी नवा चट्टा. तोही खरवडायचा. चट्टे बोटांवर आले, कात्री धरताना कळ येऊ लागली, तरी गडी ऐकेना.

शेवटी ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "शरीरात टी पेशी असतात. काही लढायला धावतात, काही त्यांना आवरतात. तुमच्या लढणाऱ्या माजल्यात, आवरणाऱ्या कमी पडतायत. म्हणून कातडीचा दाह होतो. त्यात तुम्ही खरवडता, की त्या आणखी चवताळतात. हा रोग कुणाला लागत नाही. मलम लावा, गोळ्या घ्या, पण वस्तरा लावू नका."

यातून ह्यांनी काय घ्यावं? घरी येऊन छाती फुगवून म्हणाले, "म्हणजे माझ्यात ताकद जास्त!"

"ताकद नाही हो, आवर नाही. पेशींनाही आणि तुम्हालाही!"

मलम लागायचं आणि सकाळी वस्तराही फिरायचा. जुने गिऱ्हाईक असलेले मास्तर ह्यांचे चट्टे बघून समोरच्या सलूनमध्ये जायला लागले होते, आणि तिकडे जाताना वरून ह्यांना हात हलवायचे. ते दिसले की ह्यांचा चेहरा उतरायचा. मला मास्तरांचा राग यायचा, ह्यांचा त्याहून जास्त. असंच चाललं तर हातातली कात्री सुटणार, हे दोघांनाही कळत होतं.

एके दिवशी मी तडक दुकानात गेले आणि खुर्चीत बसले. बाकावर दोघं वाट बघत होते.

"माझे केस कापा. मोजे काढून."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. रोज या हातासोबत संसार करतेय, मला लागला का रोग?"

ह्यांनी मोजे काढले. बोटं सोललेली, भेगांत रक्त. कळा सोसत कापलेले केस असे झाले, की महिनाभर मी डोक्यावर पदर घेऊन फिरले. बाकावरचा एकजण उठून गेला. दुसरा खुर्चीत येऊन बसला.

"मोजे घालू का?" ह्यांनी विचारलं.

तो हाताकडे बघत म्हणाला, "घाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्यांनी शांतपणे मोजे चढवले आणि आरशात त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, "सोरायसिस आहे. लागत नाही कुणाला. खरवडून खरवडून मीच वाढवलाय."

आपण स्वतःच वाढवलाय, ही कबुली त्यांनी आजवर मलासुद्धा दिली नव्हती.