तिथी पाहून शर्यत

माझं सगळं पॅडलिंग ठाण्याच्या तलावात झालं. तलावाचं पाणी बिचारं जागच्या जागी असतं, त्यामुळे पाणी येतं आणि जातं हे मला पुस्तकातूनच माहीत. अशा बाईने कोपरच्या खाडीवर आंतरराष्ट्रीय शर्यत भरवायला घेतली.

बोर्डवर उभं राहून वल्हवायच्या शर्यतींचं एक सर्किट आम्ही तीन देशांतले क्लब मिळून जुळवत होतो. प्रत्येक देशात एक टप्पा. आमचा टप्पा इथे घ्यायचा की नाही, हे पाहणीला येणाऱ्या परदेशी बाई ठरवणार होत्या. माझ्या क्लबातल्या सहा मुली तीन वर्षं घाम गाळत होत्या, पण बाहेर जाऊन खेळणं त्यांच्यापैकी एकीलाही जमण्यासारखं नव्हतं. टप्पा इथे आला तरच त्यांना परदेशी खेळाडूंसमोर उतरता येणार होतं. मला तो टप्पा हवाच होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी मंजुरीआधीच बॅनरसुद्धा छापून घेतला होता.

बोर्ड ठेवायला जागा दिली ती खाडीकाठच्या एका आगरी बाबांनी. त्यांचं उभं आयुष्य मिठागरात गेलेलं. आता तिथे इमारती आहेत. पाहणीचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथ कंची हाय, बाय?"

"बाबा, पंचांग कशाला? माझ्याकडे भरतीचा छापील तक्ता आहे," मी म्हणाले. वर हसलेही.

तक्त्यात भरती नऊची होती, म्हणून मी तासभर आधी, आठची सुरुवात ठेवली. आठ वाजता आम्ही सगळे काठावर उभे, आणि समोर काळा चिखल. पाणी लांब, मधोमध. एका मुलीने बोर्ड टाकून पाहिला, तर तो गाळात रुतला आणि ती पोटरीपर्यंत आत गेली. परदेशी बाईंनी घड्याळ पाहिलं. दुपारी त्यांचं विमान होतं, आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकची हमी कोण देणार? मला रडू येत होतं. राग मात्र बाबांचा येत होता, जसं काही पाणी त्यांनीच अडवून धरलं होतं.

ते सावकाश चालत आले. "तुजा कागद मुंबयचा हाय. तिथलं पानी आमचे खारीन येवाला सवा घंटा लागतं. आज बारस. बाराची पाऊनपट नऊ, ती मुंबयची भरती. आमची सवादहाला." त्यांनी चिखलात एक काठी रोवली. "पानी हितं लागलं का सोर पोरींना."

आता झाकपाक करण्यात अर्थ नव्हता. मी परदेशी बाईंना सांगितलं, चूक माझी आहे. या बाबांनी आधीच विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. त्या खुर्ची ओढून बाबांशेजारी बसल्या आणि काठीकडे बघत राहिल्या. सव्वानऊला पाणी काठीला लागलं. मुली सुटल्या, आणि भरतीचा जोर पाठीशी घेऊन अशा काही गेल्या की बाई उभ्या राहिल्या. पण जाताना फक्त कळवते म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मेल आला. टप्पा मंजूर, पण एका अटीवर: शर्यतीची वेळ काठीवाले गृहस्थ ठरवतील, आणि वेळापत्रकावर सही त्यांची असेल.

या वेळी मी पंचांग घेऊनच बाबांकडे गेले. सर्किटने ठरवलेल्या रविवारावर त्यांनी बोट ठेवलं. "अष्टमी. भांगाचं पानी, पुरं वर येनारच नाय. फुरच्या आयतवारी पुनव हाय. साडेबाराला पानी भरल." मी निमूटपणे बाकीच्या दोन देशांना लिहिलं, आणि आमच्या पौर्णिमेसाठी त्यांच्या टप्प्यांच्या तारखाही आठवडाभर पुढे गेल्या.

सही करायला बाबांनी बराच वेळ घेतला. पेन खाली ठेवून म्हणाले, "मिठागरा गेली तवापासून पान्याचा टायम मला कुनी इचारला नवता, बाय."

मीही विचारला नव्हता. त्यांनीच मला तिथी विचारली होती, आणि मी हसले होते.