नळ्या, शंख आणि माझी जाऊ

वाढदिवसाला काय करू असं मी विचारल्यावर माझ्या मुलीने सरळ सांगितलं, "पास्ता. पण काकूच्या हातचा." काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती आमच्याच शहरात नागरवाड्यात राहायची, आम्ही दूर तरसालीत. लग्नाआधी तिने कुठलासा स्वयंपाकाचा क्लास केला होता, आणि तिच्याकडे जेवून आलं की आठवडाभर घरात तिचंच कौतुक चालायचं. पुरणपोळीपासून गुजराती उंधियोपर्यंत सगळं मी करायचे, त्याचं कुणाला काही नव्हतं.

मी म्हटलं, पास्ता मीच करणार. दुकानातून लांब शेवयांसारख्या पास्त्याचं पाकीट आणलं. तेच सगळ्यांत ऐटदार दिसत होतं. टोमॅटोच्या दाट रसात सिमला मिरची, मका, पनीर, सगळं भरपूर घातलं. मुलांनी शेवया तेवढ्या सुर्रकन ओढून घेतल्या. भाज्या ताटात तशाच राहिल्या.

जाऊ शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, "ताई, या लांब प्रकाराला नुसतं तेल-लसूण नाहीतर पातळ रस बरा. तुकडे घालायचे तर आखूड नळ्या घ्यायच्या, म्हणजे रस आत शिरतो आणि भाजीही चमच्यात येते."

तिने चांगल्या मनानेच सांगितलं असणार. पण सासूबाई समोर होत्या. त्या लगेच म्हणाल्या की खिरीला गव्हले आणि उपम्याला जाड शेवया, तसंच असणार हे, हिला बरोबर कळतं. गव्हले सासूबाईंच्या बरोबरीने दर उन्हाळ्यात मी वळत होते. मी उठून ताटं उचलायला लागले.

पुढच्या आठवड्यात मी मिळतील तेवढे आकार आणले. सगळे बाहेर गेले की थोडं थोडं उकडून बघायचे. पिळाच्या आकाराला चटणीसारखं वाटण छान चिकटतं, ते त्याच्या खाचांत बसतं. फुलपाखरं मध्यभागी कच्ची राहतात, त्यांना जरा जास्त वेळ लागतो. एकदा छोटे शंख मटार घातलेल्या पातळ आमटीत टाकले, आपण दाळढोकळीत कणकेचे तुकडे सोडतो तसे. दर शंखात एकेक मटार जाऊन बसला. मी गॅसजवळ उभी राहूनच वाटीभर खाल्लं.

नवऱ्याने एक दिवस तेच डब्यात मकरपुऱ्याला कारखान्यात नेलं. संध्याकाळी खुशीत आला, मित्रांनी डबा चाटूनपुसून खाल्ला म्हणाला. मी विचारलं, "कुणी केलं म्हणून सांगितलंस?"

"तूच केलंस, पण भावजयीने शिकवलं असेल, असं म्हटलं."

भावजय म्हणजे माझी जाऊच.

"हे तिने शिकवलेलं नाही," मी म्हटलं. "हे माझं आहे." माझा आवाज इतका चढला की सासूबाई माजघरातून बघायला आल्या.

गोष्ट जावेच्या कानावर गेलीच. रविवारी ती आली आणि म्हणाली, "ताई, मला शिकवा ना ते शंखांचं." मी तिला शेजारी उभं करून सगळं दाखवलं, गूळ किती, आमसूल कधी, शंख पुरते शिजायच्या थोडे आधीच काढायचे ते. पुढच्या खेपेला तिने आपल्या घरी केलं आणि आम्हाला जेवायला बोलावलं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. जाऊ सगळ्यांना सांगत होती, हे ताईंचं आहे, मी फक्त केलंय.

मी चव घेतली. तिचं माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.