सही केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. दिल्लीत एका जुन्या किल्ल्याच्या बुरुजात एक सरकारी संग्रहालय आहे, तिथे मी कारकून होतो. रोज संध्याकाळी बुरुजात वर चढून पहारेकऱ्यासोबत कपाटातल्या वस्तू मोजायच्या, कुलपाला चिठ्ठी बांधून लाखेचं सील लावायचं आणि चिठ्ठीवर दोघांनी सही करायची, असा नियम. मी मात्र आठवडाभराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सोमवारची सुट्टी संपली की मंगळवारीच सह्या करून पहारेकरी काकांना देऊन टाकायचो. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि मला घरी जायची घाई.

काका मराठीच, माझ्या वडिलांच्या वयाचे. दिवस कलला की त्यांना धूसर दिसायचं. "चढत जा रे जरा, पोट उतरेल," म्हणायचे, आणि चिठ्ठ्या खिशात ठेवायचे.

एका सकाळी कपाट उघडलं तर तिरंदाजाची, धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायची जुनी दगडी अंगठी जागेवर नाही. सील शाबूत.

"कल शाम गिनी थी?" साहेबांनी विचारलं.

"जी साहब, दोनों ने गिनी थी," काका म्हणाले. मी मान डोलावली.

म्हणजे अंगठी संध्याकाळपर्यंत होती, असं ठरलं. किल्ली आणि शिक्का दोन्ही काकांकडे. सगळ्यांचा संशय त्यांच्यावर गेला.

खरं सांगू? माझाही. हा माणूस माझं बिंग का फोडत नाही? माझ्या सहीच्या चिठ्ठ्या याच्या खिशात. कपाट उघडून पुन्हा सील लावायला किती वेळ लागतो? त्यात काकांच्या लेकीचं लग्न ठरत होतं. मी त्यांच्या पिशवीवर, बुटांवर, डब्यावरसुद्धा नजर ठेवू लागलो.

"बघ, नीट बघ," एकदा डबा माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले. "कारल्याची भाजी आहे. अंगठी नाही."

काकांची बदली बाहेरच्या फाटकावर झाली, बढती अडकली.

काही महिन्यांनी अंगठी फोटो विभागाच्या खणात सापडली. ती हरवल्याचं कळलं त्याच्या आदल्या दुपारीच, कपाट उघडं असताना, कुणीतरी फोटोसाठी नेली होती, नोंद न करता. संध्याकाळी काकांच्या धूसर नजरेला रिकामी जागा दिसली नाही, आणि मोजायला मी तिथे नव्हतो. फाइल बंद झाली. काकांना सांगायला फाटकापर्यंत कुणी गेलं नाही. मीही नाही. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, आणि ते त्यासाठीच गप्प बसले होते, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

काका आता गुरुग्रामला लेकीकडे असतात. त्या संध्याकाळी मी वर गेलोच नव्हतो, हे त्या दोघांपुढे बसून सांगणं आणि माफी मागणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.