वाकलेले गुडघे

माझी नात रेवा शाळेच्या बास्केटबॉल संघात सेंटर होती, म्हणजे रिंगखाली उभी राहणारी सगळ्यात उंच मुलगी. कॉलेजात गेली, तर तिथे तिच्याहूनही उंच दोघी निघाल्या. काल संघाची निवड होती आणि मी मैदानाच्या पायरीवर बसून बघत होते. चेंडू रिंगकडे गेला, की रेवा गुडघे वाकवून थांबायची.

मला माझ्या लग्नातला फोटो आठवला. नवरा माझ्याहून दोन बोटं बुटका, म्हणून मी शहाणी नऊवारीच्या आत गुडघे वाकवून उभी राहिले होते. फोटोत वाटतं, नवरीला कुणीतरी पटकन पाट द्या!

रेवा पाणी प्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "ताठ उभी राहा गं! वाकतेस कसली माझ्यासारखी?"

"अगं आजी, वाकल्याशिवाय उडी कशी मारणार?" म्हणाली आणि पळाली.

पुढचा चेंडू तिने त्या दोघींच्या डोक्यावरून काढून आणला. संध्याकाळी यादीत तिचं नाव लागलं.

म्हणजे मांडवात माझी तयारी अगदी बरोबर होती. उडी तेवढी मारायची राहिली.