टेकडीवरचे शनिवार

काठमांडूत आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. पहिल्या शनिवारी कारखान्याला कुलूप बघून मला वाटलं, कुणीतरी गेलं असावं. मी दिवसभर खाटेवर पडून राहिलो. रविवारी अंघोळ करून, केस विंचरून गाव बघायला बाहेर पडलो, तर सगळे कामावर निघालेले.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात आमचं चपलांचं दुकान होतं. वडील चामडं कापायचे, आई पट्ट्यांच्या वेण्या घालायची, मी शिवायचो. पुढं मिरजेच्या बाजूला एका संस्थेत मी कुष्ठरोग्यांसाठी चपला करायला शिकलो. त्यांच्या पायांना दुखणं कळत नाही, म्हणून तळ मऊ रबराचा लागतो आणि खिळा चालत नाही. संस्थेनं विचारलं, नेपाळला स्वयंसेवक म्हणून दोन वर्षं जातोस का? पगार नाही, राहणं-जेवण मिळेल. तोवर मी पन्हाळ्यापेक्षा उंच डोंगर पाहिलेला नव्हता. मी हो म्हणालो. वडील एवढंच म्हणाले, "तकडं आपलं कोण हाय?"

खरंच कुणी नव्हतं. रक्सौलपर्यंत रेल्वे, पुढं दिवसभर घाटातली बस. पोचलो तेव्हा थंडीनं बोटं सुई धरेनात. हॉस्पिटल गावाबाहेर होतं, आणि त्याच्या आवारातच आमचा चपलांचा कारखाना, म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. तिथं माझ्याशेजारी बसून रबर कापणारा माणूस माझा पहिला दोस्त झाला.

तो चाळिशीचा असेल. सगळे त्याला दाजू म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. मीही तेच म्हणू लागलो. तो तिथलाच जुना रोगी, कधीचाच बरा झालेला. बोटं मात्र आत वळली होती ती तशीच राहिली. कातर तो दोन्ही हातांच्या तळव्यांत धरायचा. तरुणपणी गोरखपूरला हॉटेलात काम केल्यामुळं त्याला हिंदी येत होतं. दुसऱ्या शनिवारी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झोपून किती दिवस काढशील? चल."

त्यानं मला बाघचाल शिकवला. जमिनीवर कोळशानं पट आखायचा, चार दगड वाघ, मक्याचे दाणे बकऱ्या. वाघांनी बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघ कोंडायचे. मी वाघ घेऊनही हरायचो. तो हसायचा नाही, नुसता माझा दगड उचलून सांगायचा, "इथं यायला नको होतं."

आमच्यात तिसरी होती ती दिदी. स्वित्झर्लंडकडची नर्स, पन्नाशीची, उंच, आमच्यासारखीच स्वयंसेवक. तिचं हिंदी मोडकं, माझंही काही फार चांगलं नव्हतं. ती शनिवारी स्वतः भाजलेला पाव आणि उकडलेली अंडी फडक्यात बांधून आणायची, मग आम्ही तिघं चालायला निघायचो. बाजारातल्या चहावाल्यानं दाजूला बाहेरच्या पायरीवर बसायला सांगितलं, तर दिदी आपला पेला उचलून त्याच्याशेजारी पायरीवर जाऊन बसायची. मीही जायचो. आमच्या घरी चामड्याचा धंदा, त्यामुळं लांबून वाढलेलं पाणी कसं असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

फिरायला जायच्या जागा पुष्कळ होत्या, पण दाजू आम्हाला दर वेळी दक्षिणेच्या एकाच टेकडीवर न्यायचा. वर पोचलं की उत्तरेला बर्फाची शिखरं दिसायची. दिदी त्यांच्याकडं बघत बसायची. दाजू मात्र त्यांच्याकडं पाठ करून बसायचा आणि पलीकडच्या उतारावरचं एक गाव बघायचा. तांबड्या मातीची दहा-पंधरा घरं. बऱ्याच शनिवारांनंतर त्यानं आपणहून सांगितलं, "ते कडेचं घर माझं."

बोटं वळायला लागली तेव्हा भावानं त्याला हॉस्पिटलात आणून सोडलं होतं. पुन्हा तो आला नाही. गावात त्यानं सांगितलं, दादा हिंदुस्थानात कामाला गेला. बायकोला खरं माहीत होतं. मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती पाण्याची घागर कमरेवर घेऊन उतार चढायची, आणि एवढ्या लांबून तो ठिपका बघून दाजू म्हणायचा, "आज उशीर झाला तिला."

दिदीला हे सहन होईना. ती म्हणायची, "तू बरा झाला आहेस. तुझ्यापासून कुणाला काही होणार नाही. मी नर्स आहे, मी सांगते त्यांना." दाजू कितीतरी महिने नको म्हणत होता. मग एका शनिवारी, भातकापणी संपल्यावर, तो स्वतःच टेकडीच्या पलीकडं उतरू लागला. आम्ही मागोमाग गेलो.

अंगणात बायको मिरच्या वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि त्याला बघितलं. ओळख पटायला तिला वेळ लागला नाही. ती डोक्यावर पदर ओढून आत गेली आणि परत बाहेर आली नाही. भाऊ आला. तो ओरडला वगैरे नाही. उंबऱ्यापाशीच उभा राहून हळू आवाजात बोलला. दाजूनं नंतर आम्हाला ते सांगितलं. पोरीचं लग्न ठरलं आहे. तुझं कळलं तर मोडेल. हिंदुस्थानात आहेस म्हणून सांगितलंय, तिथंच रहा.

दिदीनं आपल्या मोडक्या भाषेत काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण तो ऐकत नव्हता. तेवढ्यात मुलगी घागर घेऊन आली. परके लोक बघून तिनं काकाला विचारलं, कोण आहेत?

"वाट चुकलेत," काका म्हणाला.

मग तिनं घागर खाली ठेवली, पुढं आली आणि दाजूलाच वाट समजावून सांगू लागली. त्या पिंपळाखालून डावीकडं वळा, ओढा लागेल, ओढ्याच्या कडेनं गेलात की मोठा रस्ता. दाजू हात शालीखाली लपवून ऐकत राहिला. तिचं सगळं सांगून होईपर्यंत तो हलला नाही. मग आम्ही तिनं सांगितलेल्या वाटेनं निघालो.

ओढ्यापाशी दिदी रडायला लागली. दाजूच तिला समजावू लागला. म्हणाला, "आवाज माझ्या आईचा आहे तिला."

कारखान्यात परत आलो तेव्हा त्याच्या उजव्या चपलेत रक्त साकळलं होतं. वाटेत कधी काय रुतलं, त्याला कळलंच नव्हतं. त्या जखमेनं पुढं सगळा हिवाळा खाल्ला. प्लॅस्टर झालं, मलमपट्ट्या झाल्या. तो पाय जपत नसे. डॉक्टर रागावले की मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवारात चालताना दिसायचा. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. त्याच सुमारास दिदीला कावीळ झाली आणि तिला मायदेशी पाठवलं. जाताना ती म्हणाली, "मी परत येते." ती आली नाही.

मग आम्ही दोघंच उरलो. शनिवारी मी त्याच्या खाटेजवळ पट आखायचो. तो पहिल्यासारखा खेळत नसे. बकऱ्या कशाही ठेवायचा, मी जिंकायचो, आणि जिंकून काही वाटायचं नाही. टेकडीचा विषय कुणीच काढला नाही. लग्नसराईत एके दिवशी वाऱ्यावर बाजा ऐकू आला. तो त्याच गावचा होता की दुसऱ्या कुठला, मला कळलं नाही. दाजू भिंतीकडं तोंड करून पडला होता.

माझी मुदत संपली तेव्हा मी म्हटलं, "कोल्हापूरला चल. हवा गरम आहे, काम आहे, माझ्या घरी रहा."

तो म्हणाला, "तिथं मी काय बघू?"

कोल्हापूरला आल्यावर पहिले काही दिवस लोक हिमालयाचं विचारायला येत. मी बर्फाचं सांगायचो, त्यांना तेच हवं असायचं. पुढं तेही थांबलं. गल्लीतले जुने मित्र लग्नं करून संसाराला लागले होते. संध्याकाळी रंकाळ्यावर त्यांच्यासोबत बसलो तरी बोलण्यासारखं काही सापडायचं नाही. मी बाघचाल शिकवायचा प्रयत्न केला. एकजण म्हणाला, "पोरांचा ख्योळ हाय की हो," आणि त्यांनी पत्ते काढले.

काही वर्षांनी काठमांडूच्या कारखान्यातला एक कारागीर शिकायला मिरजेच्या संस्थेत आला आणि एक दिवस मला भेटायला कोल्हापूरला आला. दुकानात वडील होते, म्हणून मी त्याला रंकाळ्यावर घेऊन गेलो. दाजूचं विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "त्याची मुलगीपण तिथंच आहे आता."

मला क्षणभर आनंदच झाला. मग त्यानं पुढचं सांगितलं. लग्नानंतर तिच्या पाठीवर चट्टा उठला. सासरच्यांनी हॉस्पिटलच्या फाटकापाशी आणून सोडलं. मूल ठेवून घेतलं.

"औषध वेळेवर मिळालं. हातपाय चांगले राहिले. पण घरी कोण नेणार? चपलांच्या खोलीत काम करते."

"हा कोण, ते तिला कळलं?"

"दाजूनंच सांगितलं. ती म्हणाली, हे तुझ्यामुळंच झालं मला. बरेच दिवस त्याच्याकडं बघत नव्हती."

"आणि आता?"

"आता बोलते. कामापुरतं."

पाण्यात म्हशी डुंबत होत्या. त्याला त्यांची गंमत वाटत होती, मी बघत बसलो. निघताना तो म्हणाला, एकदा ये, दाजू तुझी आठवण काढतो. मी येतो म्हणालो. वडिलांना तोवर सुईत दोरा ओवायला दिसत नव्हतं, दुकान माझ्या एकट्यावर होतं, आणि जाऊन त्याच्यासमोर काय बोलायचं हेही मला माहीत नव्हतं. मी गेलो नाही. पुढं त्या बाजूचं कुणी आलंही नाही.

त्या दिवशी कारागिराला मिरजेच्या गाडीत बसवून मी दुकानात आलो. वडिलांनी विचारलं, "पावणं गेलं?"

"गेलं."

"काय म्हणत हुतं? तुझी तकडची माणसं बरी हायत न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो आणि अर्धी राहिलेली चप्पल हातात घेतली.