मशीन कोण लावतं?

आमच्या अंधेरीच्या गाळ्यात वायर वेल्डिंगच्या मशीनला हात लावायचा तो काकांनीच. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वेल्डर, मालवणकडचे. डोळे अधू झाले तसं वेल्डिंग सुटलं, पण रोज सकाळी येऊन व्होल्टेज, वायरचा वेग, गॅस, सगळं तेच लावून देणार. आम्ही नुसती गन उचलायची. सहा वर्षं मी अशीच काढली, आणि वर मिजास काय, तर आपण लय भारी वेल्डर!

मग वरून फर्मान आलं. वेल्डरची टेस्ट पास नसेल त्याने पुढच्या महिन्यापासून ग्राइंडरवर बसायचं. टेस्टला प्लेट उभी, वेल्डिंग खालून वर, आणि मशीन ज्याचं त्यानेच लावायचं. माझी वाटच लागली. भाजी ढवळतानाही मनगट गन धरल्यासारखं चालायचं. आई म्हणायची, "अगं, भेंडी आहे ती, लोखंड नाही!"

काकांनी उभ्या प्लेटीच्या सरावाला मशीन लावून दिलं की ते चहाला जायची मी वाट बघायची आणि आकडे वहीत उतरवून घ्यायची. बटण फिरवायची हिंमत मात्र झाली नाही. एकदा त्यांनी पकडलंच. "काय गो, चोरी करतस?" मी हसले, पण आतून चिडले होते. त्यांच्यावर की माझ्यावरच, कोण जाणे.

टेस्ट मुलुंडला होती. तिथलं मशीन नवं, केबल आखूड, म्हणजे त्याच आकड्यांवर ताप जास्त; पण हे तेव्हा मला कुठे ठाऊक? मी वहीतले आकडे लावले, गन दाबली आणि आवाजच चुकला. नीट लागलं की भजी तळल्यासारखं चुरचुरतं. हे नुसतं फुसफुसत होतं. कान ओरडून सांगत होते, गरम होतंय, कमी कर. पण काकांचा आकडा चुकेल कसा? मी तशीच रेटत गेले. वितळलेलं लोखंड ओघळलं आणि मधोमध भोक पडलं. मास्कच्या आत मी सणसणीत शिवी हासडली.

परीक्षकांनी प्लेट उलटसुलट करून पाहिली. जोड तुटतो का ते वाकवून बघायची वेळच आली नाही.

"हात स्थिर आहे तुमचा," ते म्हणाले. "रोज मशीन कोण लावतं?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "आमचे काका."

"मग पास कोणाला करू, त्यांना की तुम्हाला? आठ दिवसांनी या. स्वतः लावायला शिकून या."

तिथून तडक गाळ्यावर आले. काका दारातच उभे होते. मी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"नापास झाले. उद्यापासून मशीन मी लावणार. बिघडलं तर बिघडू दे, तुम्ही मध्ये पडायचं नाही!"

इतकं फाडकन बोलले की बाकीच्यांचे हात थांबले. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"लाव की," ते म्हणाले. मग जरा हळू, "आणि मी सकाळी येऊन काय करू गो?"

शप्पथ सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.