पत्र्यावरचे दगड

श्रीगोंद्याजवळच्या वस्तीवर वादळात एका बाईंच्या घराचे पत्रे उडाले. आम्ही नागापूरच्या कारखान्यातले पाच फिटर रविवारची सुट्टी मोडून नवे पत्रे बसवायला गेलो. नटबोल्ट आवळून झाले, तरी बाई पदर खोचून शिडी चढायच्या आणि पत्र्यावर दगड ठेवायच्या. मी तो उतरवला की दुसरा आणायच्या. चौथ्या दगडाला माझं डोकं फिरलं.

"मावशी, वाऱ्यात हाच दगड कुणाच्या तरी डोक्यात पडेल. नट घट्ट आहेत."

"आसतील की. पर तुमी सांजच्याला जानार. वारं सुटल्यावर वर बघत बसायचं मला हाय."

वैतागून मी पाना त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच आवळून बघा.

पहिलाच नट अर्धा फेरा फिरला. तो मीच बसवला होता.